नानांच्या कपाळावरचा व्रण

नाना घरातून कसे निघून गेले ते मी पाहिलेले नाही, आणि दोंडाईचा स्टेशनवर काय घडले तेही नाही. माझा संबंध फक्त फोटोशी आहे.

नाना आमचे फैजपूरचे शेजारी. केळीचा घड कापताना विळा लागून त्यांच्या कपाळावर लांब व्रण राहिला होता. मी तेव्हा फोटोग्राफी नुकतीच शिकत होते. त्यांच्या फोटोतल्या सुरकुत्या मी संगणकावर मऊ केल्या, आणि त्याच ओघात व्रणही पुसला. नाना म्हणाले, "पोरी, हा नवरदेव कोणाचा?"

पुढे त्यांना विस्मरणाचा आजार जडला. ते हरवले तेव्हा त्यांच्या मुलाने घाईत तोच फोटो सगळीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याला दोंडाईचा स्टेशनवरच्या चहावाल्याचा फोन आला; त्याने तो स्पीकरवर टाकला, मी शेजारीच होते.

"भाऊ, तुमना नानासना कपायवर खूण व्हती का?"

"होती."

"मंग फोटोमा का नही? मी म्हनं, हाई दुसराच बाबा शे. त्यासले गाडीमा बसू दिधं."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी फोन घेतला. "कोणत्या गाडीत?"

"दोन्ही गाड्या उभ्या व्हत्यात, ताई. ध्यानमा नही."

एक सुरतेला जाणारी होती, दुसरी भुसावळला. नाना कोणत्या गाडीत बसले, ते अजून कळलेले नाही.