दारापासून पाण्यापर्यंत

ज्यानं कुणी ही पोहण्याच्या तलावाची इमारत बांधली ना काकू, त्याला बायकांना रडवायचंच होतं. नाहीतर कपडे बदलायची खोली या टोकाला आणि पाणी त्या टोकाला, असं कोण ठेवतं? मधे नुसती फरशी — ना खांब, ना पडदा. कडेला बाकांवर सगळे पालक, आणि दाराशी ती फरशी पुसणारी, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला नखशिखांत न्याहाळते. तुम्ही आत्ताच पोहून आलात ना, खूपजण आहेत का बाहेर? राहू दे, नका सांगू. डोकं पुसा तुम्ही. मी जाते. जातेच आहे. हा टॉवेल जरा नीट गुंडाळू दे — एवढ्या पोटाला कुठला टॉवेल पुरतो?

पिवळ्या टोपीतली, टॉवेल गुंडाळून पायरीवर बसलेली दिसली असेल ना तुम्हाला बाहेर, ती माझी लेक. ठमी म्हणतो आम्ही. काडी आहे नुसती — आणि म्हणते, मी जाड दिसते, पाण्यात नाही उतरणार. कुठून आलं हे? शाळेतूनच, दुसरं कुठून — म्हणून भांडायला गेले. वर्गाच्या बाईंनी वर्गाचा फोटो पुढे केला. सगळी पोरं हात सोडून उभी आणि आमची दप्तर पोटाशी धरून. म्हटलं, दप्तर कशाला घेऊ दिलंत? तर म्हणाल्या, ती म्हणते फोटोत असंच उभं राहायचं असतं, आई राहते तसं.

खरंच की. माझ्या पोटापुढे काही नाही असा एक फोटो नाही घरात — उशी, पर्स, जावेचं बाळ, एकदा तर अख्खं कलिंगड. दीर म्हणायचे, वहिनी, जरा कडेला व्हा, बाकीच्यांनाही मावायचंय. सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी. आणि ती बघत होती हो, बोलायला लागायच्या आधीपासून बघत होती.

आता ठमी दोन घास खाऊन ताट पुढे सरकवते. आणि काकू, पहिल्यांदा सरकवलं ना, तेव्हा मला — मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, सुटली ही, माझ्यासारखी नाही होणार. आई आहे मी तिची, आणि मला बरं वाटलं. काल तिची पाठ पुसताना मणके हाताला लागले, एकेक मोजता येईल असे.

नाही, ते स्वतःवर प्रेम-बिम अजून जमत नाही, खोटं कशाला बोलू. आरशापुढे म्हणून बघितलं, तू छान आहेस — आरशालाच कसंनुसं झालं. पण सकाळी तिनं विचारलं, आई, तू टॉवेलशिवाय येशील? मग मी उतरेन. आणि मी हो म्हणून बसले. आता हा टॉवेल गुंडाळून गेले, तर ती आयुष्यभर तिचा —

धराल जरा हा? घडी नका घालू, नुसता धरा. आणि मी परत मागितला तर देऊ नका. दंडांना किती गार लागतंय… हे दार ढकलायचं ना? हं. दिसली. उठून उभी राहिली, काकू — सगळे बघतायत का हो? सगळे —

“अहो ताई,” फरशी पुसणारी फडकं पिळता पिळता म्हणाली, “एकतर बाहेर या, नाहीतर आत व्हा. दार उघडं राहिलं की पोरांना वारा लागतो.”