पद्मक्कांचा राजीनामा

बक्षिसांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पद्मक्का बारा वर्षांपासून माल तपासतात. गेल्या वर्षी उत्तम कामगार म्हणून त्यांना आम्ही मिक्सर दिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. आणि आठच दिवसांत अक्का राजीनामा घेऊन माझ्यापुढे हजर! कामगारांचं सगळं मीच बघतो ना.

"अक्का, आत्ता तर बक्षीस दिलं की!"

"मिक्सर लई चांगला हाय, सर. पण दिवाळीआधी मी सांगितलं होतं, या मालाची शिलाई उसवतीय, पाठवू नका. गायकवाड सुपरवायझर म्हणले, तुम्ही गप तपासा. माल गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. तवा एक माणूस तरी म्हणला का, अक्का बरोबर बोलत होती म्हणून?"

माल परत आल्याचं मला ठाऊक होतं, पण अक्कांनी तो अडवला होता हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी गायकवाडांना घेऊन अक्कांच्या टेबलापाशी गेलो. ते जरा घुटमळले, मग सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

अक्कांनी मान वर केली नाही. हातातला टॉवेल उलटा केला, काठावरून बोट फिरवलं आणि तो गायकवाडांपुढे धरला.

"हे बघा, हितंबी उसवतंय."

गायकवाडांनी टॉवेल घेतला आणि ते मागे वळून ओरडले, "गाडी भरायची थांबवा रे!"