बेलाचं आळं

शंकरप्पा : पाणी नको म्हणलं नव्हं? मी निलंग्याहून लेकीकडं आलो न्हाई. मेलेलीच्या गळ्यातलं इष्टलिंग न्यायला आलोय.

शिवकांता : हाव, मेलेच की मी. आता बोलायलंय ते भूत हाय.

पंचफुला : घ्या हो व्याही, टँकरचं हाय. लातूर नवा जिल्हा झाला, कलेक्टर आला, नळ आपला कोरडाच. टँकरवाला काय जात इचारून पाणी सोडत न्हाई.

शंकरप्पा : व्याही म्हणू नको, बाई! तुझा नरसिंग कलेक्टर कचेरीत कारकून झाला म्हणून लिंगायताचा जावई झाला व्हय? बौद्धवाड्यातनं आला अन् माझी पोर पळवली.

शिवकांता : पळवायला मी काय शेरडी हाय? माझ्या पायानं आले. अन् अप्पा, आपल्यात मेल्याचं सुतक धरत न्हाईत, हे तुम्हीच शिकवलं. मग जित्या माणसाच्या तांब्याचा विटाळ कुठनं काढला?

शंकरप्पा : मला शाळा शिकवू नको. सोमवारी जंगमस्वामी यायलेत. तुझ्या नावानं लिंग पुरलं की सुटलो. मळ्यात खड्डा तयार हाय.

शिवकांता : लिंग मेलेल्याच्या हातात ठेवून पुरतात. हात हितं हाय माझा. तोडून नेता का?

शंकरप्पा : शिवे!

शिवकांता : दीक्षेला स्वामींनी बांधलंय हे. तुमच्या दुकानातला माल न्हाई परत घ्यायला. नरसिंगसुद्धा म्हणला, तुझं तुला असू दे. त्यो परका, अन् तुम्ही बाप!

पंचफुला : थांब गं. मळ्यात खड्डा म्हणलात? आमच्या साहेबरावानं खणला त्योच का?

शंकरप्पा : कोण साहेबराव?

पंचफुला : माझा पाठचा भाऊ. तुमच्याच गावात रोजानं जातो. परवा हितं जेवून गेला, हाताला ही फोडं! म्हणला, शंकरप्पाचं डोस्कं फिरलं. प्यायला पाणी न्हाई अन् बेलाच्या रोपाला कमरेइतकं आळं खणून घेतलं.

शिवकांता : बेलाला? वा अप्पा! हितं येऊन मेली मेली म्हणून वरडता, अन् खणणाऱ्याला थाप मारता?

शंकरप्पा : त्यानं इचारलं, कशाला म्हणून.

शिवकांता : मग सांगायचं की. लेकीला म्हणून.

(शंकरप्पा तांब्या उचलतो.)

शंकरप्पा : खड्डा समोर दिसत होता. तोंडातनं निघंना.