हरणं कुठून येतात ते मला माहीत होतं

नाही, पण वाळवंट म्हटल्यावर निदान वाळवंट तरी असावं ना! मी काय काय ठरवून आले होते, तुम्हाला सांगते... वाळूच्या टेकड्या, चांदण्यात उंट, एखादी बेदुइन म्हातारी मला खजूर देते आणि मी, राहुरीची ताजी कृषी पदवीधर, तिला झाडं लावायला शिकवते... आणि निघालं काय? लसूणघास! हिरवीगार, गोल गोल, सहा शेतं, प्रत्येकाच्या मधोमध पंप आणि त्याला जोडलेला चाकांवरचा लांबलचक पाइप दिवसभर भोवती फिरत पाणी मारतोय. आणि घरात आई बॅगा भरून बसलेली. भरून म्हणजे किती? कुकरसुद्धा बॅगेत! आम्ही भात पातेल्यात खात होतो, आणि पातेलं कधी आत जाईल याचाही नेम नव्हता.

साल नव्वद, ऑक्टोबर. मी जुलैत आई-बाबांकडे आले, ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं, आणि आमचं शेत कुठे? तर हफ्र अल बातिनच्या पुढे, सरहद्दीकडे. म्हणजे उद्या कुणी निघालंच, तर वाटेतला पहिला थांबा आम्ही! रस्त्यावरून रणगाडे लादलेल्या ट्रकांच्या रांगा. विषारी वायू सोडला तर तो कुठल्या बाजूनं येईल ते कळावं म्हणून बाबांनी पंपघरावर आईच्या उशीचा अभ्रा टांगलेला. अभ्रा फुगला की सगळे माना वर करून बघायचे. स्वयंपाक सोडून, नमाज आटपून, चहाचा कप हातात धरून... वारा कुठला?

मग निघायचं की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं! पण पासपोर्ट कफीलच्या कपाटात आणि त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल नाही. कफील म्हणजे शेताचा मालक, अबू फवाज. दुष्ट नाही हो! मी आले तेव्हा अख्खा खोका खजूर पाठवला त्यानं. पण सहीचं नाव काढलं की बाबांना एकच, "बुकरा, गोपीनाथ, बुकरा!" उद्या. दोन महिने झाले त्याच्या उद्याला. बाबा गेले तर पाणी कोण सोडणार?

आणि तशात पहिला गार वारा सुटला. इथे गार वारा सुटला की यांना शिकार आठवते. रियाधहून त्याचे मेव्हणे यायचे होते आणि यानं फुशारकी मारून ठेवलेली की माझ्या स्वतःच्या शेतातलं हरीण खिलवतो. जीपमधून उतरला, हसला, म्हणाला, "गोपीनाथ, एक गजाल, एक हरीण दिलाओ, तीनों का सही ले जाओ. खलास!" आणि माझ्याकडे वळून, "बिंत," म्हणजे पोरी, "तुम किताब में सब लिखता. जगह तुम बोलो."

जागा तू निवड! मला! जिनं कॉलेजात वन्यजीव रक्षणावर भाषण करून प्राचार्यांना रडवलं होतं!

पण वही होती ना माझी. आल्यापासून रोज लिहीत होते. नऊ हरणं, सूर्य मावळायच्या जरा आधी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर येतात, पाचव्या गोलाच्या कुंपणाला एक फट आहे तिथून आत शिरतात, वारा कुठला, थांबतात कुठे... मी हे त्यांना वाचवण्यासाठी लिहीत होते! आणि वाचून बघते तर काय, अख्ख्या वहीत शिकाऱ्याला नको असलेला एक शब्द नाही.

मग सुरू झाले सल्ले. बाबा म्हणाले, "पंपघराशी बसवू त्यांना, खुर्ची आहे, सावली आहे." आई म्हणाली, "अगं, आपल्या खिडकीतून दिसतात की! इथूनच मारा म्हणावं, आणि सही करून जा." अबू फवाजला जीपमध्ये बसायचं होतं, एसी लावून! उरले फकरुद्दीन चाचा. चाचा आमचे पंपवाले, दापोलीकडचे, तरुणपणी डुकराच्या शिकारीला जायचे. शेवटी म्हणाले, "पोरी, खुर्ची मरूं दे. वारा तोंडावर घेऊन बसायचा. पाठीवर घेतलास तर माणसाचा वास तुझ्याआधी पोचतो."

तोंडावर. मला माहीत नव्हतं का? आग्नेयेच्या कोपऱ्यात गवताच्या गाठी रचलेल्या होत्या, त्यांच्याआड बसलं की वारा तोंडावर, फट समोर. डोळे मिटून सांगितलं असतं. आणि मी काय सांगितलं? समोरचा, वायव्येचा कोपरा! वारा सरळ पाठीवर! मान ताठ ठेवून सांगितलं. चाचांनी एकदा अभ्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि बिडी पेटवली. "लिहिलंय ना वहीत? मग झालं."

चार वाजता जाऊन बसलो. पुढे अबू फवाज, मांडीवर बंदूक, शेजारी बाबा, मागे चाचा, आणि काळ्या अबायात घामानं निथळणारी मी, कारण जागा तू निवडलीस, तर तूही चल! साडेचार... पावणेपाच... रस्त्यावर ट्रक धडधडतायत, डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, आणि मी मनात म्हणतेय, येऊ नका, वास घ्या, आम्ही चौघं आहोत, एकानं अत्तर लावलंय, घ्या वास!

आणि वारा पडला.

नुसता पडला नाही हो, फिरला! पंपघरावरचा अभ्रा आधी लोंबला, मग आमच्याकडे तोंड करून फुगला. दोन महिने ज्या वाऱ्याकडे आम्ही जीव मुठीत धरून बघत होतो, तो माझ्या तोंडावर गार गार येऊन लागला. आणि फटीतून पहिलं डोकं आत आलं. मग दुसरं. मग पाडस घेऊन आई. त्यांना ट्रकांचं काही नाही, हेलिकॉप्टरचं काही नाही, आमच्यापासून साठ पावलांवर खाली माना घालून चरायला लागली!

बंदूक हळूच वर गेली. बाबांचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता... श्वास थांबलेला ऐकू येतो, खरंच सांगते. मला सगळं समजत होतं. एक गोळी, तीन सह्या, विमान. आई. सगळं समजत होतं. घशात धूळ नव्हती, काही नव्हतं.

मी खोकले.

एवढासा खोकला! रणगाड्यांना न भ्यालेली हरणं एका क्षणात नाहीशी. अबू फवाज वळला, चेहरा लाल, "मीन? कौन?" आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणतात, "मी. माफ करा. मला खोकला झालाय."

बाबा! ज्यांचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, तेच!

अबू फवाजनं बंदुकीतून गोळ्या काढल्या. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अच्छा, गोपीनाथ," म्हणाला, "खाँसी ठीक होने तक तुम इधर ही रहो."

घरी आलो. बाबांनी पाय धुतले. आईनं सगळं ऐकलं, मग खाली बसली, मोठ्या बॅगेची चेन उघडली, कुकर काढला, धुतला, आणि त्यात डाळ लावली. शिट्ट्या होत होत्या आणि आम्ही तिघं भिंतीकडे बघत होतो. तुम्ही सांगा, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

सकाळी अभ्रा पुन्हा नेहमीच्या बाजूला फुगलेला होता, आणि जीपचा आवाज आला. मी अबाया चढवला आणि बाबा उठायच्या आत बाहेर गेले. म्हटलं, आग्नेयेचा कोपरा, गाठींच्या आड, वारा तोंडावर, पाच वाजता. अबू फवाजनं जीपचं इंजिन बंद केलं. मग विचारलं, "नौ में से कौनसा?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं हो. जागा तू निवड, इथपर्यंत ठीक होतं...

म्हटलं, डावं शिंग मोडलेला एक म्हातारा नर आहे, सगळ्यांच्या शेवटी येतो. तो. आणि बाबांना बरोबर नेऊ नका, त्यांना खोकला आहे.