सिद्धोधनला जयभीम सांगा

— तर एक न्हाई, दोन न्हाई, तीन इमानं, ताई. बसा निवांत, पिशवी ठेवा माझ्या पायापाशी, कुणी नेत न्हाई. तुमची गंगाखेडची गाडी लेट, माझ्या नातीची पुण्याची गाडी लेट — परभणी टेसनावर बोलायला येळच येळ. तर तीन इमानं. हैद्राबादहून दोहा, दोहाहून टोरांटो, अन् तिथून एक बारकं, आपल्या पाथरीच्या जीपीसारखं, नुस्तं हादरायचं. पेडगावच्या बाईनं कवा नांदेडच्या पुढं पाय ठेवला न्हाई, अन् एकदम समुद्राच्या पार! कान बंद, पाय सुजलेले, खायला काय तर पानचट उकडलेलं, अन् संडासात बटन दाबलं की असा आवाज — मी तर दाराची कडी धरूनच उभी ऱ्हायले. हसा, हसा. मलाबी हसू यायचं आधी. पोरगा व्हता ना माझा तिकडं. सिद्धोधन. इंजिनेर. त्याला पन्नास पुरे व्हायलते. तर फोनवर म्हनला, आई, पन्नाशी माझी असली तरी मेहनत तुझी हाय, तू आल्याबिगर केक कापत न्हाई. मी म्हनलं, मला कशाला बाबा, फोनवर बघते की. तर न्हाईच. म्हनला, तुझा वाढदिवस जल्मात कुणी केलाय का? दोघांचा संगंच करू, मग फिरायला जाऊ, तुला बर्फ दाखवतो, धबधबा दाखवतो. तिकीटच धाडून दिलं. अन् मी एकटी कशी जाणार, म्हणून लेकीची लेक संगं, धम्मशीला. तीच यायलीय आता पुण्याहून. अन् हे बघा ताई — ती गाडीतून उतरली की ही गोष्ट बंद. तिच्यापुढं एक शब्द न्हाई. कामून? सांगते.

निघायच्या दिवशी काय झालं, सकाळी उठून मी चहा ठेवायला गेले तर शेजारची सगुणाबाई आडवी आली — मावशी, आज तुमी काय करायचं न्हाई, चूल पेटवायची न्हाई. आता चूल कुठली, गॅसच हाय, पण आमी चूलच म्हणतो. भाकरी तिच्या घरून आली, वरण दुसरीच्या घरून. मला वाटलं, काय मान करायलेत बाई माझा! इमानात बसायली म्हणून! मग बाया आल्या, समद्या पांढऱ्या साड्या नेसून. आमच्यात तुमाला माहीत असंल, जयंतीला, विहारात, लग्नाला — पांढरीच साडी. मी म्हनलं, जयंतीच केली की गं माझी. हसले बी. कुणीच हसलं न्हाई माझ्यासंगं, पण म्हनलं असंल, जायचं दुःख असंल. मी आपली लाडवाच्या डब्याला फडकं बांधायलते. शेंगदाण्याचे, गुळातले. साळंत जायचा तवा दोन्ही खिशात एक-एक घालून न्यायचा, खिसे नुस्ते चिकट. पन्नाशीला म्हनलं केक त्याच्या बायकोनं करावा, लाडू माझे. दीर माझे, माणिकराव — लय चेष्टेखोर माणूस, मला बघितलं की खोडी काढल्याबिगर ऱ्हात न्हाई — त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. अन् तोंड फिरवून गोठ्याकडं गेले. तरी मला कळंना. किती येडी असावी बाई!

पोरगी वाटंनं लय जपायची. आजी पाणी घे, आजी पाय वर घे, आजी झोप. सोता मात्र काय खाईना. हैद्राबादला न्हाई, इमानात न्हाई. फोन वाजला की उठून लांब जायची, अन् आली की डोळे लाल — म्हणायची, एसीनं झालेत. मी म्हनलं, मामाला फोन लाव, म्हणावं बसलो आमी इमानात. तर, मामा ड्युटीवर हायेत. दोहाला उतरलो. लय मोठं, चकचकीत, आरशासारखी फरशी, चालायची सुदिक भीती. म्हनलं, आता लाव. तर, मामा झोपलेत, तिकडं रात हाय आजी. बरं बाई, रात असंल. पण मामी कशी जागी? मामीसंगं तर तू आत्ता बोलायलतीस — हे मी म्हनले न्हाई. मनातच ऱ्हायलं.

मग ते दुसरं इमान, लय लांबचं. समदे दिवे बंद केले त्यांनी, लोकं पांघरुणं घेऊन निजले. मला झोप कुठली. म्हनलं, चला, मोजत बसू — कुणाकुणाचा निरोप द्यायचा सिद्धोधनला. आपल्याकडं कसं असतंय, माणूस नुस्तं परभणीला निघालं तरी दहा जण सांगतेत — अमक्याला जयभीम सांगा, तमक्याला म्हणावं फोन कर. कॅनडाला निघाले तर किती निरोप पाहिजेत! म्हनलं, सगुणाबाईनं काय सांगितलं? तिनं काय सांगितलं न्हाई. माणिकरावांनी? पुतण्या त्यांच्या खांद्यावर वाढला, त्यांनी? — न्हाई. गल्लीतल्या बायांनी? त्याच्या बरोबरीच्या पोरांनी, जीपपस्तोर आलेल्या? न्हाई ताई. समद्या गावानं मला जयभीम घातला. पण सिद्धोधनला जयभीम सांगा, असं एकानंबी म्हनलं न्हाई. एकानंबी.

तवा मला चूल आठवली. पांढऱ्या साड्या आठवल्या. अन् कळालं.

लय रडावं वाटलं, ऊर बडवावा वाटलं, पण पट्टा बांधलेला, दोन्ही बाजूला परकी माणसं — वर आभाळात कुठं जाऊन रडावं माणसानं? घरी असते तर वसरीत लोळण घेतली असती. अन् शेजारी ही पोरगी, झोपेचं सोंग घेऊन. हुंदका दाबायली, पण सीट हलायलती की, तिची अन् माझी एकाला एक लागलेली. मी म्हनलं, केशर, तू जर आता तोंड उघडलंस तर हे लेकरू तुला कसं सांभाळंल? हिनं घरापासून एवढं ओझं एकटीनं उचललंय. उचलू दे. तिला वाटू दे आजीला काय कळालं न्हाई. म्हणून मी काय केलं — उठवलं तिला. म्हनलं, धम्मे, मामाला डब्यातले किती लाडू द्यावेत गं? अन् हसले. हसले मी ताई, पोरगा गेलेला माहीत असून. ती म्हनली, समदे दे आजी. अन् मग कुठं तिनं भाताचे चार घास खाल्ले.

तिथून पुढचं सारं सोंग. टोरांटोला धावत इमान बदलायचं, तपासणीवाल्यानं डबा उघडून बघितला, हे काय म्हनला — पोरगी म्हनली, बर्थडे. तो हसून ह्याप्पी बर्थडे म्हनला मला! मीबी मान हलवली. मग ते बारकं इमान. उतरलो तर सुनंनं, राजेश्रीनं, गळ्यात मिठी घातली — आई, माफ करा, तुमच्यापासून लपवलं. झोपेतच गेले म्हनली, निघायच्या आदल्या दिवशी. मी तवाच कळाल्यावानी ओरडले. ते काय सोंग नव्हतं, तेवढा येळ दाबून धरलेलं व्हतं ते. धम्मशीलाला अजूनबी वाटतंय मला तिथंच कळालं. आज हे तुमालाच पयल्यांदा सांगायलेय, का सांगायलेय काय माहीत, अनोळखी माणूस बरं असतंय. लाडू? वाढदिवशी वाटले की. माती देऊन आलेल्या माणसांना वाटले. गोरे, काळे, पंजाबी, समदे खायलते अन् रडायलते. पन्नास पुरे झाले का न्हाई त्याचे? मी तर झाले म्हणते. आईचा हिशेब.

बर्फ बी बघितलं. कसलं बर्फ, खिडकीतून.

तवापासून मी म्हणते ताई, आपल्या लोकांची ही रीत वाईट. मेल्याला सिरियस म्हणायचं, बिमार म्हणायचं, अन् माणसाला खोटं बोलून न्यायचं. सांगावं की! वाटभर रडू द्यावं. म्या तर ठरवलंय, माझ्यापुढं कुणाला असं न्यायलं तर सरळ सांगून टाकीन, कोण काय म्हणंल ते — हां, घ्या ना, पाणी घ्या. तुमचा भाऊ अजून आला न्हाई व्हय? पाणी आणायला गेला म्हनलात, लय येळ झाला. तिकडं खांबापाशी उभाय तोच का, फोनवर बोलायला? अन् आई बिमार हाय म्हणून निघालात म्हनलात, ती कवापासून बिमार हाय? — कालपस्तोर चांगली व्हती? बोललात तिच्यासंगं? — मग आज लावा की एकदा, आवाज ऐकला की जिवाला बरं वाटतंय. तुमचा फोन — भावाकडं?

भावानं घेतला म्हनता.

— असंल. चार्जिंग संपली असंल. हे फोन लय लौकर संपतेत, माझ्या नातीचाबी तसाच.

असं काय बघायल्या माझ्याकडं? न्हाई माय, समद्यांचं तसं नसतंय. ती माझी गोष्ट झाली, मी म्हातारी, काहीबी बडबडते, लक्ष देऊ नका. वय किती म्हनलात आईचं? मग, त्या वयात असतंयच थोडं खालीवर. सलाईन लावलं की उठून बसत्यात. हे घ्या, धपाटे हायेत, दही हाय. नातीसाठी आणलते, पण तिला दुसरे करीन. खा. दोनच घास. तिकडं गेल्यावर आईपाशी बसाल, खायाचं ध्यानात ऱ्हायचं न्हाई. माझ्यासाठी खा. खा गं माय.

या दादा, बसा. — काय न्हाई, आमी आपलं इमानाचं बोलायलोत. तुमचे डोळे लाल झालेत की दादा, धूळ हाय लय टेसनावर. गाडी लागली व्हय? जा बाई, जा, डबा पुढं हाय. पिशवी घ्या. अन् ऐका —

आईला माझा नमस्कार सांगा. पेडगावच्या केशरबाईनं सांगितलाय म्हणावं. आठवणीनं सांगा.