भाड्याचा बाप

सान पेद्रोच्या वाणसामानाच्या दुकानात युदेल्का रांगेत उभी होती. पुढे तिच्या लेकाचे बेसबॉल कोच आणि खेळाडू निवडायला आलेले साहेब बोलत होते.

“पोराचा हात बंदुकीसारखा आहे हो. पण अंगानं चिमणी. वाढेल का?”

“वाढेल की! तो दारातला ताडमाड माणूस बघा, त्याचा बाप.”

“तो? गेल्या महिन्यात तो दुसऱ्याच पोराचा बाप होता, कोच.”

“पोरं पुष्कळ आहेत त्याला, साहेब.”

“असू देत. आता आई दाखवा, पण खरी.”

युदेल्काने केळ्यांची पिशवी खाली ठेवली, टाचा उचलल्या, मान ताणली. “मीच ती, साहेब.”

“टाचा टेका, बाई. हात तरी पोराचा स्वतःचाच आहे ना? उद्या आणा त्याला.”