सखारामची बदली

अख्ख्या लालबागमध्ये माझ्यासारखा थापाड्या नाही. बायको माझी थाप तोंड उघडायच्या आधीच ओळखते, पण तिला यात धरायचं नाही.

गिरणी बंद झाल्यापासून आमचा चाळीतला दोस्त सखाराम गप्प झालेला. ना झोप, ना जेवण. पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर त्याला दर पंधरवड्याला प्रश्न विचारून मार्क लिहायची; मार्क जास्त, तितका आजार जास्त. बरं वाटलं तर नुसत्या गप्पा, नाही तर डॉक्टरच्या गोळ्या, तरीही नाही तर कागद थेट मोठ्या हॉस्पिटलात. त्या शेवटच्या पायरीला सख्या टरकला.

"चाळीत येडा म्हणतील रे. माझ्या जागी तू जा, चांगली उत्तरं दे."

गिरणीत रजेवाल्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचाच. गेलो. नशिबानं सिस्टर नवीन होती.

"झोप लागते?"

"मी घोरतो, शेजारी जागतात."

"भूक?"

"बांगडा असला तर बायको उपाशी."

"पूर्वी ज्यात मजा यायची, त्यात आता येते?"

थाप तयार होती. तोंड उघडलं आणि च्यायला, रडूच फुटलं! का, ते मला अजून कळलेलं नाही. सिस्टरनं पाणी दिलं आणि भराभर मार्क लिहिले. माझी तंतरली. हे सगळं सख्याच्या कागदावर! आता तो मोठ्या हॉस्पिटलात जाणार!

"बाई, खोडा ते! मी सखाराम नाही, त्याची बदली आहे. हे रडणं धरू नका."

तिनं शांतपणे कोरा कागद पुढ्यात ओढला.

"सखारामचं खोडते. उद्या त्यांना घेऊन या. पण काका, मग हे रडणं कुणाच्या नावावर लिहू?"